माळ्याच्या तोंडाचं माप

मालवणातल्या धुरीवाड्यातलं आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं. वर मंगळुरी कौलं, पुढे खळं, मग लोटा, मग माजघर. माजघराच्या आतल्या भिंतीला लागून माळ्याचा लाकडी जिना चढतो. त्या जिन्याखाली उरलेल्या तिरक्या जागेत मला कामाला बसायचं होतं. मी हिशेब लिहिते. बाजारपेठेतली काही दुकानं आणि तारकर्ली-देवबागकडचे होमस्टे हे माझं गिऱ्हाईक. लोट्यावर बसले तर आल्यागेल्याशी बोलण्यात दुपार जाते आणि आतल्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. जिन्याखाली मात्र परड्याकडच्या दारातून उजेड येतो, आणि एप्रिलच्या दुपारीसुद्धा तिथे गारवा असतो.

जागा आठ फूट लांब. एका टोकाला साडेसहा फूट उंच, दुसऱ्या टोकाला शून्य. खोली जिन्याच्या रुंदीएवढी, म्हणजे दोन फूट आठ इंच. कागदावर हा सरळ त्रिकोण होतो. प्रत्यक्षात त्या त्रिकोणाची एकही बाजू सरळ नाही. चिऱ्यांवरचा चुन्याचा गिलावा पिढ्यान् पिढ्या थरावर थर चढत गेल्यामुळे भिंत मध्येच पुढे आलेली. ओळंबा सोडला तर सहा फुटांत दीड इंचाचा फरक. जमीन लाल कोब्याची, आणि न्हाणीच्या बाजूला उतरती. त्या उताराला कारण आहे. पूर्वी माजघर धुऊन काढत, तेव्हा पाणी आपोआप बाहेर गेलं पाहिजे. आठ फुटांत दहा सूत उतार, म्हणजे सव्वा इंच. शिवाय भिंतीत एक कोनाडा, त्यात तिन्हीसांजेला दिवा लागतो, तो बुजवायचा नाही ही घरातली पहिली अट.

पहिल्यांदा एका शोरूमचा तरुण येऊन गेला. लेझरने मापं घेतली आणि तिथल्या तिथे लॅपटॉपवर चित्र दाखवलं. चित्र देखणं होतं. पांढरं लॅमिनेट, आतून उघडणारे ड्रॉवर, सगळं भिंतीला घट्ट. भिंत वाकडी आहे त्याचं काय, असं विचारलं तर तो म्हणाला, फिलर पट्टी मारू, कळणारसुद्धा नाही. मला नेमकं तेच नको होतं. आमच्याकडे भिंत आणि कपाट यांच्यामधल्या न दिसणाऱ्या पोकळीत काय काय वस्तीला येतं हे कोकणात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. वाळवी आधी येते, आपल्याला कळतं नंतर. त्यात तो बोर्ड भुशाचा. शेजारच्या घरात सिंकखालचं तसलंच कपाट एका पावसाळ्यात फुगून त्याचं दार खालच्या चौकटीत अडकून बसलेलं मी पाहिलं होतं. मरीन प्लाय वेगळा. आयएस ७१० चा शिक्का असलेला, उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या गोंदाने चिकटवलेला प्लाय चांगला असतो, आणि पुढे ड्रॉवरच्या तळाला आम्ही तोच वापरलाही. पण अख्खं काम त्यात करायला मन होईना, कारण मांगरात फणस पडून होता.

हा फणस परड्यातला. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेलं, तेव्हा तो मुळांसकट आडवा झाला. त्या दिवसांत मालवणात माड, आंबे, फणस किती पडले याला गणतीच नव्हती. वीज गेली ती दिवसचे दिवस आली नाही. वर लॉकडाऊन. पंचनामे झाल्यावर बहुतेकांनी पडलेली झाडं मिळेल त्या भावाला देऊन टाकली. आमच्या सासऱ्यांनी फणस दिला नाही. त्याचे ओंडके गिरणीवर न्यायला कागदपत्रं करावी लागली, कारण झाडं तोडण्याबाबतच्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत. झाड आपल्या परड्यातलं आणि पाडलं वाऱ्याने, तरी लाकूड रस्त्यावर आणायचं तर परवाना हवा. सासरे त्या कामी टेबलाटेबलापुढे शांतपणे बसून राहिले. पाऊस संपल्यावर ओंडके चिरून आले, आणि मांगरात एकावर एक, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी चळत लागली. फळ्यांच्या टोकांना उरलासुरला ऑइलपेंट फासला. टोकाकडून लाकूड लवकर सुकतं आणि तिथूनच तडकतं.

चिरलेला फणस पहिल्या दिवशी पाहावा. हळदीसारखा पिवळा असतो. म्यानमार आणि थायलंडात बौद्ध भिक्खूंची चीवरं या लाकडाच्या भुशाने रंगवत आले आहेत, ते त्या पिवळेपणामुळेच. मग हवा लागेल तसा रंग उतरत तांबूस आणि शेवटी तपकिरी होतो. तंजावरची वीणा याच लाकडाची, मृदंगाचं खोडही. सागाइतका मान त्याला बाजारात नाही, पण वाळवी त्याच्या आतल्या गाभ्याला सहसा लागत नाही. बाहेरचं पांढुरकं लाकूड मात्र किड्याच्या आवडीचं. त्याचा भुसा पडायला लागला की समजायचं, मेस्त्रीने पैसे वाचवायला पांढरं लाकूड आत ढकललं आहे.

मेस्त्री मिळेपर्यंत २०२३ सरत आलं. ४ डिसेंबरला नौसेना दिन मालवणात झाला, पंतप्रधान आले, राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. त्याआधीचे दोन महिने गावातला हातात करवत किंवा थापी धरणारा एकही माणूस रिकामा नव्हता. आमचे मेस्त्री त्या धामधुमीनंतर आले. वय सत्तरीकडे झुकलेलं. त्यांचे वडील होड्या बांधायचे, आणि तेही तरुणपणी तेच करत. फायबरच्या होड्या आल्या तसं ते काम आटलं आणि ते घरकामाकडे वळले.

भिंतीला ओळंबा लावून मी त्यांना दीड इंच दाखवला, जरा अपराध्यासारखाच. त्यांनी ओळंब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“वयनीनू, होडयेत गुण्या लागणाच नाय. सगळा वाकडा. भिंत वाकडी आसा तर आसा.”

हे वाक्य मला त्या शोरूमच्या चित्रापेक्षा धीर देणारं वाटलं. काटकोन हा सुताराचा आधार असतो. चौकोनी खोलीत काम करणाऱ्याला भिंत गुण्यात नसली की चीड येते, मग तो पट्ट्या मारून ती सरळ असल्याचं नाटक करतो. होडीच्या फळीला असं नाटक परवडत नाही. प्रत्येक फळी शेजारच्या फळीच्या बाकानुसार तासावी लागते, नाहीतर पाणी आत येतं. या किनाऱ्याला ती विद्या जुनी आहे. विजयदुर्गाच्या बाजूला गिऱ्यात मराठ्यांच्या आरमाराची गोदी होती, खडकात खोदलेली, आणि गलबतं दुरुस्तीला तिथे येत. ती पिढी गेली, पण वाकड्याची भीती नसलेले काही हात अजून शिल्लक आहेत.

मापं घ्यायला त्यांनी टेप काढली तेव्हा सासूबाई आतून आल्या. इतका वेळ त्या चुलीपाशी बसून सगळं ऐकत होत्या.

“तो कोपरो तुका रिकामो दिसता?” त्या मला म्हणाल्या. “थंय आंब्याची अढी खंय घालतलंस? आणि चवथीक माटवी खंयसून उतरतली?”

मग त्यांनी त्या जागेचं वर्ष माझ्यासमोर मांडलं. चैत्र-वैशाखात तिथे पेंढ्यावर आंबे पिकत घालतात. घरात तेवढी ऊब-गारव्याची समता दुसरीकडे नाही. आंबा संपतो तोवर आगोटीची बेगमी येते: उकड्या तांदळाचं पिंप, सोलांच्या बरण्या, चिंचेचे गोळे, कुळथाचं पीठ, सुक्या बांगड्यांचे आणि सुकटीचे डबे. श्रावण उतरताना ही बेगमी अर्धी खपलेली असते, उरलेली एका बाजूला सरकते, कारण भाद्रपदात माजघर गणपतीचं होतं. भिंत रंगवायची, माळ्यावरून माटवी उतरवायची, भजनाची मंडळी बसतील एवढी जमीन मोकळी करायची. दिवाळीच्या आगेमागे भात येतं. पोती माळ्यावर चढेपर्यंत जिन्याखालीच. मग मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत तिथे काहीच नसतं. मी पाहून ठेवलेला रिकामा कोपरा पौषातला होता.

यावर माझा पहिला विचार असा, की मग हे होणारच नाही. मेस्त्रींनी टेप गुंडाळून खिशात टाकली, खाली बसले आणि सासूबाईंना विचारायला लागले. पिंप केवढं? अढी किती फुटांची? माटवी कशी उतरवता, आडवी की उभी? माझ्या टेबलाची उंची, माझे फायलींचे गठ्ठे, याबद्दल त्या दुपारी एक प्रश्न नाही. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायची लाकडी चौकट. तिला कवंडाळं, शेरवडं, तेरडे, सुपारीचे शिंपटे, आंब्याचे टाळ, नारळ बांधतात. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. आमची चार फूट बाय तीन फूट आहे. वर्षाचे साडेअकरा महिने ती माळ्यावर उत्तरेकडच्या वाशांना टेकून असते.

शेवटी ते जिन्यावरून वर गेले, माळ्याच्या झापडाचं तोंड मोजलं, माटवी टेकवलेली जागा पाहिली आणि खाली येऊन म्हणाले, “माटवी खाली येतली तेवा टेबल वर जायत. तिच्याच जाग्यार.”

सगळ्या कामाचा आराखडा या एका वाक्यात आला. टेबलाची फळी किती लांब आणि किती रुंद हे भिंतीवरून ठरलं नाही, माळ्याच्या तोंडावरून ठरलं. जे जे माटवीबरोबर जागा बदलणार ते सुटं होणारं आणि एका माणसाला जिन्यावरून नेता येईल एवढ्या वजनाचं. जे बदलणार नाही, ते जिन्याच्या बाहेरच्या कडेपुढे एक सूतही यायचं नाही, कारण चौकट उतरवणारा माणूस उलट्या पावलांनी येतो आणि त्याला पाय कुठे पडतो ते दिसत नाही.

त्रिकोणाचे तीन भाग झाले. उंच टोकाकडे सव्वातीन फुटांचं सुटं टेबल. मध्ये अडीच फूट लांबीचं, तिरक्या माथ्याचं कायमचं कपाट. आणि उरलेल्या ठेंगण्या टोकात घडवंचीसारखा बसका चौथरा, त्याच्या पोटात एक लांब ड्रॉवर. घडवंची कोकणातल्या घरांना नवी नाही. अंथरुणं, हंडे, पोती जमिनीच्या ओलीपासून वर ठेवायला पूर्वी ती असायचीच. आमची कधीतरी मोडली आणि परत केली गेली नव्हती. अढी आता या चौथऱ्यावर घालायची, आणि टेबलाखालची जमीन पिंपाला राहते. पिंपाचं झाकण उघडून हात आत जाईल एवढी उंची टेबलाखाली हवी. ती मोजली तेव्हा माझ्या पायांची जागा आपोआपच नीट झाली.

टेबल उंच टोकाकडेच का, हे ठरवायला त्यांनी मला स्टुलावर बसवलं. लिहायला वाकते तशी वाक, मागे रेल, कोणी हाक मारली तर वळ, उठ. प्रत्येक वेळी त्यांनी जिन्याच्या खालच्या अंगाला, माझ्या डोक्याच्या वर, खडूने रेघ मारली. “टेबल सगळे मोजतत. डोक्या कोण मोजणा नाय.” मधल्या भागात बसले असते तर दर उठताना कपाळ पायरीला आपटलं असतं. टेबलाची उंचीही बाजारात मिळते ती नाही. माझा कोपर मोजून साडेसत्तावीस इंच. मी उंचीने बुटकी आहे आणि आयुष्यभर उंच टेबलांवर खांदे वर करून लिहीत आले, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

भिंतीची नक्कल कशी घेतात ते मी तेव्हा पाहिलं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा टेबलाच्या उंचीवर आडवा धरला. भिंतीला तो दोनच ठिकाणी टेकला, बाकी फट. मग त्यांनी बोटभर रुंदीचा लाकडाचा ठोकळा घेतला, त्याच्या एका बाजूला पेन्सिल टेकवली, आणि ठोकळ्याची दुसरी बाजू भिंतीला घासत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. न थांबता, श्वास रोखून. भिंत पुढे आली तिथे पेन्सिल पुढे आली, भिंत मागे गेली तिथे मागे. पुठ्ठ्यावर उमटलेली रेघ म्हणजे आमची भिंत होती, तिच्या प्रत्येक फुगीसकट. त्या रेघेवर पुठ्ठा कापून परत लावला तेव्हा तो गिलाव्याला असा बसला की मध्ये कागद गेला नसता. जिन्याच्या खालच्या अंगाची आणि कोब्याच्या उताराची नक्कलही तशीच.

एवढं करून त्यांनी टेबल भिंतीला चिकटवलं नाहीच. पुठ्ठ्याची रेघ फळीवर उतरवली आणि तिच्यापासून दोन बोटं आत दुसरी रेघ मारून त्यावर फळी कापली. मग नक्कल कशाला घेतली, असं मी विचारलंच. उत्तर असं, की फट ठेवायची म्हणून ती कशीही ठेवायची नाही. मधोमध दोन बोटं आणि टोकाला चार बोटं झाली तर काम चुकल्यासारखं दिसतं. सगळीकडे दोन बोटं असली की ती फट मुद्दाम ठेवलेली कळते. त्यातून केरसुणी जाते, वारा फिरतो, भिंत पावसात जी ओल धरते ती लाकडाला लागत नाही, आणि वाळवीने माती चढवलीच तर ती उघड्यावर दिसते. लॅपटॉपची वायरही तिथूनच जाते. त्यासाठी फळीला भोक पाडावं लागलं नाही.

कपाटाची दारं आडव्या तिरक्या पट्ट्यांची केली, जुन्या घरांच्या खिडक्यांना असतात तशी. बंद कपाटात जुलैमध्ये फायलींवर बुरशी येते. दिसायला काचेची बरी दिसली असती, पण आमच्याकडे काचेआडची पुस्तकं आधी पिवळी पडतात आणि मग चिकटतात. पाठीलाही पट्ट्याच. ज्या बाजू भरीव हव्या होत्या तिथे चौकटीला खाच पाडून पॅनल आत सोडलं, गोंद न लावता. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. वैशाखातली फळी आणि श्रावणातली फळी यांच्या रुंदीत फरक पडतोच. चौकटीत मोकळं सोडलेलं पॅनल आपल्या खाचेत फुगतं आणि आटतं. गोंदाने डांबलं तर तेच पॅनल चौकट फोडतं किंवा स्वतः मधोमध तडकतं. ओंडका गिरणीवर चिरतानाच काही फळ्या गाभ्यातून किरणासारख्या बाहेर जातील अशा काढून घेतल्या होत्या. आडव्या चिरलेल्या फळीपेक्षा त्या निम्म्याच्या आसपासच हलतात. त्या टेबलासाठी राखल्या.

टेबल सुटं कसं करायचं यावर बरीच चर्चा झाली. माझा भाचा वास्तुरचना शिकतो, त्याने फोनवर एका खुर्चीचं चित्र दाखवलं. तिचं नाव रुरकी खुर्ची. ब्रिटिश हिंदी फौजेच्या छावण्यांतून ती फिरे, रुरकीला इंजिनीअर पलटणीचं ठाणं होतं त्यावरून नाव. तिचा एकही सांधा गोंदाने जोडलेला नसतो. गोल भोकात निमुळतं कुसू, आणि बसणाऱ्याच्या वजनाने कापड ताणलं जाऊन सगळं घट्ट होतं. खडबडीत जमिनीवर चारही पाय आपापले टेकतात. १९३३ मध्ये डेन्मार्कच्या कोरे क्लिंटने याच कल्पनेवर आपली सफारी खुर्ची केली आणि ती जगभर गेली. मेस्त्रींनी चित्र लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, “ह्या आमच्या बाजल्याचा भावंड.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

कापड ताणायला टेबलाला जागा नाही, म्हणून आमच्या टेबलाला पाचरी आहेत. दोन्ही बाजूंच्या पायांच्या चौकटी कायमच्या जोडलेल्या, त्यांना जोडणारी आडवी पट्टी दोन्हीकडे आरपार बाहेर येते, आणि बाहेर आलेल्या कुसवाच्या भोकात पाचर ठोकायची. वर फळी खुंट्यांवर नुसती बसते. पाचर ठोकली की टेबल उभं, उपटली की चार तुकडे. भोक पाचरीपेक्षा किंचित मोठं आणि आतल्या अंगाला थोडं जास्त खोल काढलेलं असतं, त्यामुळे पावसात लाकूड फुगलं तरी पाचर अडकत नाही आणि उन्हाळ्यात आटलं तर हातोडीचा एक टोला पुरतो. स्क्रू एकही नाही. तो मोह टाळला हे बरंच झालं. आमच्या घरापासून चिवल्याची वेळा, म्हणजे किनारा, हाकेच्या अंतरावर आहे. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी स्क्रू गंजतो, ओल्या लाकडात त्याभोवती काळा डाग पसरतो, आणि काढायच्या वेळी डोकं तुटून हातात येतं. कपाटाच्या बिजागऱ्या पितळी घेतल्या. लोखंडीच्या कितीतरी पट महाग, आणि घरात त्यावरून थोडी कुरबुर झाली. मुठी सावंतवाडीच्या चितारआळीतून कातून आणल्या, लाखेच्या रंगाच्या, तांबड्या-पिवळ्या. तिथल्या लाकडी खेळण्यांना पूर्वापार पांगारा वापरत, तो हलका आणि मऊ. मुठीला तो टिकला नसता, म्हणून आमचंच फणसाचं लाकूड सोबत नेलं होतं. माझ्या फायलींच्या कपाटाला लाकडी फळांच्या रंगाच्या मुठी शोभतात का, यावर मतं दोन आहेत. माझं पक्कं आहे.

उताराच्या जमिनीवर टेबल सपाट आणायला पाय कमीजास्त कापायचे, की खाली काही द्यायचं? मेस्त्रींनी पाय सारखेच ठेवले. कारण सुटं टेबल कधी लोट्यावरही जाईल, तिथे उतार नाही. जिन्याखालच्या जागेत चार छोटे दगडी तळखडे बसवले, उताराच्या हिशेबाने कमीजास्त उंचीचे. घराचे जुने खांब असेच दगडावर उभे आहेत, लाकूड जमिनीला थेट लागू नये म्हणून. पायांच्या तळाला आणि घडवंचीच्या खालच्या अंगाला काजूच्या टरफलाचं तेल दिलं. होड्यांना देतात तेच. ते काम त्यांनी मला करू दिलं नाही, कारण अंगावर उडालं तर फोड येतात. बाकी सगळ्याला जवसाचं तेल, फडक्याने चोळून. चकचकीत पॉलिश नको म्हटल्यामुळे पाहुण्यांपैकी काहींना वाटलं काम अर्धवट राहिलंय.

शिमग्याच्या आत काम झालं. २०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती. त्याआधीच्या आठवड्यात भाच्याने पाचरी काढल्या, टेबल तुकड्यातुकड्याने वर नेलं आणि माटवी खाली आणली. वर गेलेली फळी माटवीच्या जागी वाशांना टेकली, दोन बोटं उरवून. माझं काम तेवढे दिवस लोट्यावर. भजनाला आलेल्यांपैकी एकाने चौथऱ्याच्या कडेवर बैठक मारली आणि तिथून रात्रभर हलला नाही, ढोलकीही तिथेच. घडवंचीचा हा उपयोग आराखड्यात नव्हता. सासूबाईंनी मात्र तिच्यावर बसायला परवानगी फक्त चवथीपुरती दिली आहे.

अडचण एकच राहिली, ठेंगण्या टोकातल्या लांब ड्रॉवरची. सुक्या दिवसांत बसवताना बाजूंना एकेक सूत मोकळं सोडलं होतं, धावपट्ट्यांना मेणबत्ती घासली होती. तरी मिरग लागून महिना झाला की तो हट्टाला पेटतो. दोन्ही हातांनी ओढला तर निम्मा येतो. मेस्त्रींना बोलावलं, म्हटलं, वायच रंधा मारा. ते आले, ड्रॉवर हलवून पाहिला, चहा घेतला.

“पावसात रंधो मारूचो नाय. आता तासलंय तर दिवाळयेक करंगळी जायत एवढी फट पडतली, नि मगे तुमी माकाच बोलवतल्यात.”

म्हणून आता तो ड्रॉवर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बंदच समजायचा. आयकराची विवरणपत्रं पावसाळ्यातच भरायची असतात, तेव्हा लोकांचे कागद तिथे ठेवणं शक्यच नाही. ते कपाटात गेले. ड्रॉवरमध्ये आकाशकंदील, दिव्यांच्या माळा आणि गेल्या वर्षीच्या पणत्या आहेत.